कापलेली कड

३ जानेवारी १९५५, सोमवार
मालती, पुढे कधी ही वही उघडशील आणि "अगंबाई, हे मी कधी लिहिलं?" म्हणशील. म्हणून आधीच लिहून ठेव, सासू सांगते, सून लिहिते. काल दूध उतू घालवलंस. परवा किल्ली घरात आणि कुलूप दाराला. तुझ्या नवऱ्याला, दत्तूला, फॅक्टरीतून डायरी मिळालीय, ती कोरी पडण्यापेक्षा हे बरं. मला अक्षर येत नाही, तुझ्या डोक्यात काही राहत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होतं.
(किल्ली हे विसरले, मी नाही. – मा.)

५ जाने.
ट्रंक उपसली. कसर लागलीय सगळीकडे. तळाशी तुझ्या गेलेल्या सासऱ्यांचं, हातानं लिहिलेलं बाड निघालं. दोरा कुजलेला, पानं सुटत चाललेली. मालतीनं उलटं धरलं, सुलटं धरलं. मोडी लिपी. सातवी पास बाई, वाचनालयातून महिन्याला चार कादंबऱ्या आणते, आणि सासऱ्याच्या अक्षरापुढे माझ्यासारखीच ठोंब! हसू आलं. मग नाही आलं.
गावी पहाटे मी दळायची, हे ओट्यावर दिवा घेऊन लिहीत बसायचे. कचेरीचं काही असेल समजायची. विचारलं कधीच नाही.

९ जाने., रविवार
बदलापूर. यांच्या ओळखीचे म्हातारे मास्तर तेवढे मोडी वाचणारे उरलेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळच्या उन्हात कागद नाकाला लावून वाचतात. एक ओळ वाचली नि थांबले.
"वहिनी, हे तुमचं आहे."
"माझं कसलं? मी अक्षरशत्रू."
"अहो, जात्यावरच्या ओव्या आहेत. वर लिहिलंय, 'घरातून ऐकल्या तशा'."
चार वाचून दाखवल्या. माझ्याच. नणंदेची, म्हशीची. आणि ही सुद्धा –
कारकुनाच्या कानात, शाई गं वाळलेली
तीन हाका मारल्या, चूल माझी विझलेली
स्वतःला बसलेला टोला स्वतःच्या हातानं, वळणदार लिहून ठेवलाय मेल्या माणसानं! मास्तर हसता हसता खोकले. मी पदर तोंडाला लावला.
गाव सोडून इथे बुवापाड्यात आलो, गिरणीचं पीठ आलं, जातं भिंतीला उभं राहिलं. हात फिरायचा थांबला तसं तोंडही. आज एक ओवी आठव म्हणाल तर आठवत नाही. म्हणून विचारलं, "यमूची आहे का बघा." यमू माझी पहिली. चार वर्षांची असताना तापात गेली. फोटो कुठला त्या काळी? ओवीतच काय ती होती, आणि ओवी मी हरवली.
मास्तर म्हणाले, "ऊन सरलं वहिनी, अक्षर नाचायला लागलं. पुढच्या रविवारी."

१३ जाने.
पानं सुटतात म्हणून मालतीनं मला न सांगता बाड उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी बाइंडरकडे टाकलं होतं. आज आणलं. पुठ्ठा, लाल कापडाची पाठ, तिन्ही कडा गुळगुळीत. अगदी दुकानातल्या पुस्तकासारखं. हात फिरवला. छान झालंय म्हटलं. छानच झालंय.

१६ जाने., रविवार
यमू सापडली. मास्तरांनी वाचलं –
यमू माझी बसलेली, भाताच्या खळ्यावरी
उन्हाला गं अडविते, हात ठेवी
आणि बोट कडेला अडकलं.
"पुढे?"
"पुढे पान नाही, वहिनी."
आमच्या ह्यांना कागदाचा भारी लोभ. ओळ मावली नाही की शेवटचे शब्द कडेला उभे लिहायचे. बाइंडरनं कडा सरळ केल्या, त्यात ते शब्द गेले. सगळ्या पानांचं तसंच.
मास्तर समजूत घालतात, "डोळ्यांवरी असणार. यमक सरळ आहे."
"कोणाच्या डोळ्यांवरी?"
मी सूप घेऊन बसले की यमू मांडीत शिरायची. ऊन तोंडावर यायचं. हात स्वतःच्या डोळ्यांवर धरायची, की माझ्या? दोन्ही बसतं ओवीत. चार वर्षांच्या पोरीचं एवढंच शिल्लक, त्यात हेच कळत नाही.

१७ जाने.
मालती दिवसभर रडली. भाजीत मीठ दोनदा. मी म्हटलं, अगं तू चांगलं करायला गेलीस, जगात निम्मी खराबी अशीच होते. तरी रडते. लिहिताना पान भिजवू नकोस, हे तरी राहू दे.
तिच्या कादंबऱ्यांचं बरं असतं. एक फाटली तर तीच दुसऱ्या वाचनालयात. छापलेलं हरवत नाही म्हणतात. हे एकाच हातानं एकदाच लिहिलेलं. आणि ज्या तोंडातून निघालं ते तोंड आता बोळकं. थकले. पुरे.

१९ जाने.
मालती मला घेऊन कॅम्पात गेली. बाइंडर भांडायला तयार होऊन उभा. "सब ऐसेच कटिंग करते हैं, माई." मी भांडलेच नाही. माझी पोरगी त्या कडेवर होती एवढं सांगितलं, मालतीनं त्याचं हिंदी केलं. तो खाली बसला. म्हणाला, "बाप की किताबें मैं भी उधर सिंध में छोड़ के आया." मग कोपऱ्यातलं पोतं ओढलं. कापलेल्या पट्ट्यांचं. लोकांच्या वह्या, हिशेब, पोथ्या, सगळ्यांच्या कडा एकत्र. चूल पेटवायला नेतो म्हणे. "आधा जल गया होगा. ले जाओ."

२३ जाने., रविवार
मास्तरांनी पाटीवर मोडी अक्षरं काढून दिली, खाली मालतीला येणारी बाळबोध. एक दाखवतात, दुसऱ्यासाठी डोळा चोळतात. मालती गिरवते. तीस वर्षांची बाई, जीभ बाहेर काढून. मी भिंतीला टेकून बघत बसले. गुडघे येताना फार दुखले. आता मी बदलापूरला जायची नाही.

२९ जाने., शनिवार
सहा दिवस पट्ट्या निवडणं चाललंय. घरभर कागदाच्या शेवया. दत्तू पाय उचलून चालतो. आमच्या ह्यांच्या शाईच्या वेगळ्या काढल्या, मूठभर निघाल्या. त्यांत 'डोळ्यांवरी' मालतीला तीन ठिकाणी लागलं. त्याच्या आधी काय आहे ते मात्र तिला लागत नाही. मला म्हणते, तुम्हाला काय वाटतं? मला काही वाटत नाही. माझ्या वाटण्यावर गेलं असतं तर ओवी विसरलेच नसते.
तिन्ही पट्ट्या पाकिटात घातल्यात. उद्या उजाडताच दत्तू मास्तरांकडे घेऊन जाईल.
मालती, त्याच्याबरोबर मास्तरांना खायला दे काहीतरी. लाडू नको, बोटांचं तूप पट्ट्यांना लागेल. चणे त्यांना चावत नाहीत. कुरमुरे पाठव. कोरडेच पाठव, फोडणी नको.