झडपेखालची जागा

अश्विन वद्य द्वितीया

बानू, लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. भुकूमहून निघताना तू वही हातात दिलीस आणि म्हणालीस, तात्या, रोज चार ओळी लिहा म्हणजे जीव घाबरा होणार नाही. पण आल्यापासून सवड मिळाली नाही, आणि माझा हात तुला ठाऊक आहे. एक ओळ होईस्तोवर चिलीम विझते. पुढं ही वही तुझ्याकडे येईल तेव्हा जावईबापूंनी वाचून दाखवताना चुका पोटात घालाव्या. तिसरीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे.

कुशाबा पौडला मोटार घेऊन आला होता. मला पुढं आपल्याशेजारी बसवलं, सगळ्या बाजारादेखत भोंगा वाजवला आणि म्हणाला, आता लेकीच्या दारात बसायचं न्हाई तात्या, लेकाच्या मोटारीत बसायचं. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मुळशीला आम्ही रंभाबाईच्या घरी पडवीलगतच्या खोलीत राहतो. ही बाई माझ्याच वयाची. तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती माणसं वर उतारावर येऊन राहिली. तोंडाची फटकळ आहे. आल्याबरोबर म्हणाली, म्हातारबा, हितं वारा लई हाय, कानाला फडकं बांधा. मेलात तर गाव म्हणंल रंभीनं उपाशी मारलं. पण भाकरीवर लोणी घालते.

घरामागे मोटारीची शेड आहे. तिथून पाणी दिसतं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत निळंशार. मोटार मालकाची, हैबतरावांची. कुशाबा तिच्यातून मुळशी ते पौड उतारू नेतो. पुण्याच्या एका सुतारानं तिला लाकडी टप करून दिलाय. टपाच्या मधोमध काचेची झडप आहे. साखळी ओढली की उघडते, वारा येतो. बंद असली तरी उजेड येतो. सकाळच्या खेपेला मधल्या बाकावर उन्हाचा चौकोन पडतो आणि त्या जागेसाठी बाया भांडतात. या वाटेवर अशी झडप दुसऱ्या मोटारीला नाही. तिची चौकट जुन्या काळ्या सागाची आहे. तिला एक लोखंडी कडी आहे, वळणावर लोक ती धरतात. कुशाबा रोज ती काच धोतराच्या सोग्यानं पुसतो. मला इथं बरं वाटतं आहे.

अश्विन वद्य पंचमी

परतीच्या पावसानं काल झोडपलं. झडप गळते आहे. थेंब थेंब नाही, धार लागते. मधल्या बाकावर एक वाणी आतच छत्री उघडून बसला आणि पौडपर्यंत ओरडत होता, अरं कुशाबा, ही मोटार न्हवं, मोट हाय. सगळे हसले. कुशाबा हसला नाही.

पौडला रमजान म्हणून पत्र्याचं काम करणारा आहे, मोटारीचंही बघतो. त्यानं वर चढून चौकट ठोकून पाहिली. दोन वाटा सांगितल्या. एक, भेगांत लुकणाचा लगदा भरायचा, वरून डांबर आणि पत्र्याची कड. दुसरी, झडप चौकटीसकट काढून टाकायची आणि टप सलग फळ्यांचा करून घ्यायचा. ते काम पुण्यालाच होईल, मोटार तिथं उभी ठेवावी लागेल. त्याचं स्वतःचं मत विचारलं तर म्हणाला, गेणबाभाऊ, हे लाकूड पाणी पितंय. आपण पत्रा ठोकू, पण त्याची तहान कशी ठोकायची? काढून टाका.

कुशाबा ऐकत नाही. झडप गेली तर मोटारीत राहिलं काय, म्हणतो. मालकांचा निरोप आला की काय करायचं ते करा, खेप चुकता कामा नये, मोटार चालवणारे पुष्कळ आहेत. कुशाबा म्हणाला, तात्या, तुमीच ठरवा. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर. दुरुस्ती केली आणि पुन्हा गळली तर बोल मला. बदलायला नेली आणि मालकानं दुसरा माणूस ठेवला तर लेकाची भाकरी माझ्यामुळे गेली.

अश्विन वद्य नवमी

दुरुस्तीचं ठरवलं. रमजाननं सबंध दुपार खपून लुकण भरलं, डांबर ओतलं, पत्रा मारला. घागर ओतून पाहिली, एक थेंब आला नाही. मला इतका आनंद झाला की मी घरून नारळ आणला, लाल फडक्यात गुंडाळला, हळदकुंकू लावलं आणि चौकटीच्या कडीला बांधला. आपल्याकडे नव्या घराच्या आढ्याला बांधतात तसाच. वास्तू सुखी राहू दे, म्हणालो. रमजान खाली उभा राहून म्हणाला, मोटारीला वास्तू म्हनत्यात व्हय, मग चूल कुटं मांडायची? मी म्हटलं, डोक्यावर छप्पर असलं की घरच ते.

कुशाबाला ते आवडलं. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

आज दिवाळीचा पाडवा. आकाश काचेसारखं स्वच्छ आहे, पाऊस संपून आठवडा उलटला. आज सकाळच्या खेपेला झडप गळली.

कोरड्या आकाशाखाली. मी स्वतः मोटारीत होतो. वर ऊन, पत्रा हात भाजेल असा तापलेला, आणि आतून लाकडातून पाणी. मधल्या बाकावरच्या बाईचा पदर भिजला, त्याला गाळाचा वास येत होता. तळ्याच्या तळाला असतो तो.

घरी आल्यावर रंभाबाईला म्हटलं, चल, तूच बघ. ती मोटारीत कधी बसत नाही, पौडलाही चालत जाते. आज आली, पायरीवर चढली, कडीला बांधलेला नारळ पाहिला आणि तशीच खाली उतरली. विचारलं तर म्हणाली, ही माज्या घराच्या आढ्याची कडी हाय. माज्या समद्या लेकरांचा पाळणा ह्या कडीला व्हता.

मग पडवीत बसून तिनं सांगितलं ते असं. पाणी येणार म्हणून घरं मोडली, लाकूड व्यापाऱ्यांना विकलं. त्यांच्याकडे रीत अशी की घर कायमचं सोडताना वडीलधाऱ्या बाईनं उंबऱ्यावर उभं राहून घरातल्या मेलेल्या एकेका माणसाला नावानं हाक मारायची, चला, घर हललं. ज्याला हाक मारली तो मागून येतो. राहिला तो तिथंच राहतो. तिनं सगळ्यांना हाक मारली. पण तिचे थोरले दीर सावळा जिवंत होते आणि ते उठायला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यावरचं आढं उतरवलं तरी उघड्या भिंतींत बसून राहिले. सगळ्यांना एकच सांगत, माजं छप्पर परत घाला, मंग उठतो.

माणसं वर आली. सावळा मागून येतील असं सगळी म्हणाली. मग पाणी आलं. कुणी म्हणतं ते कोकणात उतरले, कुणी काही. प्रेत कुणी पाहिलं नाही. मी विचारलं, मग त्यांना हाक नाही मारली? ती माझ्यावर चिडली. जित्या माणसाला मेला म्हनून हाक कशी मारायची, म्हातारबा?

तिनं पुढं काही विचारलं नाही. नारळ कुणी बांधला तेही नाही. मीही सांगितलं नाही.

कार्तिक शुद्ध चतुर्थी

नारळ सोडून पाण्यात टाकला. काही फरक नाही.

आज भर दुपारी मोटार शेडबाहेर उन्हात उभी होती. भेग कुठं आहे ते शोधायला मी मधल्या बाकावर बसून वर पाहिलं. काचेतून आकाश दिसायला हवं. उजेड होता, पण हलत होता. लाटांखालून वर पाहिल्यावर सूर्य दिसतो तसा, वाकडातिकडा. लहानपणी नदीत बुडी मारून मी असंच वर पाहायचो. मग काचेवरून एक सावली गेली, लांबट. मासा होता.

बाहेर आलो तर कोरडी दुपार. शेळ्या चरत होत्या. हे वयामुळेही असेल. डोळे तपासायला हवेत.

कार्तिक शुद्ध सप्तमी

लोक मधल्या बाकावर बसत नाहीत. दाटीवाटीनं उभे राहतात, पण ती जागा मोकळी सोडतात. का ते कुणी सांगत नाही. एक धनगर म्हणाला, तितं बसलेत की.

कुशाबा खेप संपली की त्या जागेवर जाऊन बसतो. भाकरी तिथंच मागवतो. घरात चल म्हटलं तर म्हणतो, घरातच तर हाय. त्याचा सदरा खांद्यावर सारखा ओला. बोटांची टोकं सुरकुतली आहेत, बाया दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. मला तात्या म्हणेनासा झाला आहे. माझ्याकडे बघतो, पण ओळख न पटल्यासारखा.

ठरवलं. झडप काढायची. मालक काय म्हणायचं ते म्हणोत. नोकरी गेली तर जाऊ दे, लेक राहू दे.

कार्तिक शुद्ध नवमी

रमजान आला. खिळे उपटले, पत्रा काढला. चौकट हलेना. पहार घातली तर लाकडातून पाणी उसळलं, त्याच्या कोपरापर्यंत. खाली उतरला, पहार तिथंच टाकली. म्हणाला, गेणबाभाऊ, आदीच सांगितलं व्हतं. आता मी न्हाई. पुण्याला न्या, सबंध टप उतरवून टाका, पन तुमी सोता ह्या टपाखाली बसून जाऊ नका.

मी रंभाबाईचे पाय धरले. बाई, तुझ्या दिराला हाक मार. मेला म्हणून मार. त्याला मोकळा कर. ती पुष्कळ रडली, मग डोईवर पदर घेऊन आली. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला. सावळा भावजी, चला, घर हललं.

कुशाबा मधल्या बाकावर बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला—

आलो.

आवाज म्हाताऱ्याचा होता. रंभाबाईनं तो ओळखला. ती तिथंच खाली बसली.

कार्तिक शुद्ध एकादशी

सकाळी कुशाबा बरा दिसला. तात्या म्हणाला. गूळ-भाकरी खाल्ली. स्वतःच म्हणाला की पुण्याला नेतो, टप बदलून आणतो, वाटेत भुकूमला बानूकडे जेवीन. मी येतो म्हटलं तर नको म्हणाला. माझं काळीज निवलं. मी त्याला जाऊ दिलं.

मी जाऊ दिलं बानू.

मोटार वळणावरून गेली तेव्हा मागच्या फळीच्या फटीतून पाणी ओघळत होतं. मधल्या बाकावर माणसं बसलेली— दाटीनं— मला लांबून नीट दिसत नाही. भरलेली होती मोटार. सकाळी एकही उतारू नव्हता.

द्वादशी

रमजानकडे माणूस पाठवला. पौडवरून मोटार गेलीच नाही म्हणतो. त्यानं रस्त्यावर बसून वाट पाहिली. गेलीच नाही.

रंभाबाईच्या लेकानं चाकांच्या खुणा पाहिल्या. पौडच्या वाटेवर थोड्या, मग डावीकडे जुन्या गावाच्या गाडीवाटेनं, उताराला. ती वाट पुढं पाण्यात जाते. पाण्याच्या काठापर्यंत खुणा आहेत. पुढं—

काठाशी उभा राहिलो. भोंगा ऐकू आला. खालून. रंभाबाई म्हणते ऐकू आला नाही.

तिथी लक्षात नाही

खोलीला कौलं आहेत, काच नाही. तरी जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला आहे. हलतो आहे. मी त्याच्या बाहेर, भिंतीला टेकून लिहितो.

तो सरकतो.

बानू, ही पानं धनगराच्या हाती देतो. कुशाबा तुझ्याकडे आला का? आला असेल तर भांडू नकोस, आधी कोरडा कर, जेवू घाल. आला नसेल तरी कळव. रंभाबाई म्हणते, म्हातारबा, मी उशीर केला, तुमी करू नका. काठावर जाऊन लेकाला हाक मारून घ्या, न्हाईतर ऱ्हाईल तितंच. कशी मारू? मेला म्हणून कशी मारू? भूगावला थांबला असेल, पुण्यात असेल, सुताराकडे असेल, टप उतरवत असतील. तुला कळलं असेल. माणूस पाठव, चिठ्ठीची वाट बघवत नाही. आज पाठव. तुझा निरोप येईस्तोवर मी तोंड उघडणार नाही, पण पाणी पायाशी आलं आहे आणि तो मला तात्या, तात्या म्हणून— लवकर कळव बानू, मी ओ देऊ का न—