लोभ असावा, लेंडीखत नसावं

वडवणी
१२ जुलै २०२३

चि. मंजुषास,
वनमाला आत्याचे तोंडभरून आशीर्वाद.

तू पाठवलेलं बी मातीत पडलं. तुझ्या परभणीच्या शेतकी विद्यापीठाचे साहेब जीपनं आले, दोऱ्या ताणल्या आन् चार पट्टे आखून गेले. दोन पट्टे तुझ्या नव्या कापसाचे, दोन जुन्या गावरानाचे. प्रत्येकाला पाटी लावलीय, त्यामुळं तुझं कुठलं ते मला लांबून वळखू येतं. विहिरीजवळचा हा तुकडा तुला द्यावा म्हणून मी ह्यांच्याशी अबोला धरलता, तवा कुठं तुझे मामा हो म्हणले. त्यांचं म्हणणं, सगळं गाव बीटी लावतंय आन् आमी पुन्हा गावरानाकडं कशाला जायचं? पाऊस वढला तरी गावरान तग धरतं, पण धागा आखूड. गिरणीवाले हात लावत न्हाईत, गादीउशीतच जायचं त्येनं. मी म्हणलं, तेच तर आपली पोरगी सुधारतीय.

पण तू नेमकं काय केलंस ते मला अजून उमगलं न्हाई. शेजारच्या बायडाबाईनं खोदून खोदून विचारलं, तवा मी सांगून टाकलं की आमच्या मंजूनं कापसाला इंजेक्शन दिलंय. बरोबर हाय का, ते कागदावर लिही. फोनवर तू इंग्रजीत शिरतीस आन् मी नुसतं हूं हूं करते.

तुझ्या लग्नाचा विषय काढणार न्हाई असं तुझ्या आईला कबूल केलंय, म्हणून काढत न्हाई.

माया हायेच, ती पत्रानं वाढवत जा.
तुझी,
वनमाला आत्या

परभणी
२१ जुलै २०२३

ती. सौ. आत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

इंजेक्शन नाही गं! बायडाबाईंना सांग की मी मुलाचे पाय पाळण्यात पाहते, एवढंच. दोन देशी कापसांचं लग्न लावलं: एक आपलं काटक गावरान, दुसरं लांब धाग्याचं पण नाजूक. त्यांना पोरं झाली ढीगभर. कुणी बापाच्या वळणावर, कुणी आईच्या. पूर्वी बोंड फुटेपर्यंत थांबायचं आणि मग धागा मोजायचा. आता रोप दोन पानांचं झालं की पानाचा टिकलीएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातला डीएनए तपासायचा. लांब धाग्याची खूण सापडली तर रोप ठेवायचं, नाहीतर रामराम. बाहेरचं काही घातलेलं नाही, निवड तेवढी लवकर होते.

आता कामाचं. आत्या, चारही पट्ट्यांना खत, पाणी, खुरपणी अगदी सारखी हवी. तुझ्या शेतातले आकडे चांगले आले तरच हे वाण पुढे जाईल. नाहीतर सर ते गुंडाळून ठेवणार आणि माझी एवढ्या वर्षांची मेहनत कपाटात जाणार. मामांनाही सांग.

माझ्या लग्नाचा विषय न काढता काढण्याची तुझी कला वाखाणण्याजोगी आहे.

लोभ आहेच, तो पिकासारखा वाढावा.
तुझी,
मंजू

वडवणी
१४ सप्टेंबर २०२३

चि. मंजुषास,
आत्याचे भरघोस आशीर्वाद.

पोरी, तू जिंकलीस. तुझे दोन पट्टे माझ्या कमरेला लागलेत, बोंडांनी लगडलेत. जुनं गावरान शेजारी रुसल्यावानी खुरटं उभं हाय. बायडाबाई रोज बांधावर येऊन बघती आन् काही न बोलता जाती. तिचं ते न बोलणं मला लई गोड लागतं. तुझे मामासुद्धा काल तिथं घुटमळत व्हते. विचारलं तर म्हणले, चप्पल तुटली.

मीबी काही कमी केलं न्हाई. सटवा धनगराच्या मेंढ्या उन्हाळ्यात शेजारच्या रानात बसलत्या, त्याच्याकडून लेंडीखत आणवलं आन् पाट्या भरभरून तुझ्या दोन पट्ट्यांना घातलं. मधी पावसानं ताण दिला तवा विहिरीचं पाणीबी आधी तुझ्याकडं वळवलं. तू सगळ्यांना सारखं द्यायचं लिहिलं व्हतंस, पण ते सायबाच्या कागदाला शोभावं म्हणून, येवढं मला कळतं. आपल्या पोरीच्या ताटात वाढताना कुणी हात आखडता घेतं का?

आता मोठी सायबीण हो आन् आत्याला इसरू नको.
तुझी,
वनमाला आत्या

परभणी
२२ सप्टेंबर २०२३

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आत्या, ही शर्यत होती. एका पोराला तूप-रोटी चारून पळवलं आणि दुसऱ्याला उपाशी, तर कोण चपळ ते कसं कळणार? झाडं माझ्या निवडीमुळे वाढली की सटवाच्या मेंढ्यांमुळे, हे आता देवालाही सांगता येणार नाही.

तुझं पत्र दडवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. सर तर फोटो पाहून खूश होते. पण उद्या कुणी शेतकरी त्या आकड्यांवर विश्वासून हे बी पेरील आणि त्याच्याकडे लेंडीखत नसेल, मग? मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वडवणीचे आकडे रद्द केले. वाण पुढे न्यायचं की नाही, यावर ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला मुळीच गोड लागलं नाही.

तुझ्या मायेनं माझं वर्ष गेलं, आत्या.

लोभ असावा, लेंडीखत नसावं.
मंजुषा

परभणी
३० ऑक्टोबर २०२३

ती. सौ. आत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

दसरा होऊन गेला तरी तुझं पत्र नाही. फोन केला तर मामा म्हणाले, ती गोठ्यात आहे. आई म्हणते की तू माझं पत्र वाचलंस त्या दिवशी जेवली नाहीस. शेवटचं ते वाक्य मी रागात लिहिलं आणि टपालात टाकल्यावर पेटीत हात घालून काढता येतं का ते पाहिलं. येत नाही.

परवा सरांनी बोलावलं. मी नकार ऐकायला तयार होऊन गेले, तर ते हसत होते. म्हणाले, चूक आत्याबाईंची नाही, आपली आहे. कुठला पट्टा कुणाचा हे आपण पाटीवर लिहून दिलंच कशाला? पुढच्या हंगामात नुसते आकडे टाकायचे, आणि कुठल्या आकड्यात काय आहे ते एकट्या सरांना ठाऊक राहील. मलाही नाही. वाणाला त्यांनी एक वर्ष वाढवून दिलंय. दुसरं शेत बघू का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी आत्याला विचारते.

देशील का गं शेत?

रागावलीस तरी चालेल, पण पत्रातून रागाव.
तुझीच,
मंजू

वडवणी
१० नोव्हेंबर २०२३

चि. मंजुषास,
आत्याचे आशीर्वाद, थोडे हात राखून.

मी काय लहान हाय का रुसायला? गोठ्यात खरंच काम व्हतं. जेवले न्हाई ते एकादशी व्हती म्हणून. तुझ्या आईला पंचांग कळत न्हाई.

वाईट वाटलं, ते खोटं कशाला बोलू? मला मूलबाळ न्हाई. तुझं काही वाढतंय म्हणलं की हात आपसूक सैल सुटतो. पण तू पत्र दडवलं न्हाईस ते बेस केलंस. हे वाचून तुझे मामा म्हणले, पोरगी खरी निघाली. असं ते माझ्याबद्दल कधी म्हणले न्हाईत.

शेत तुझंच हाय. फक्त एक सांगते, तुझे साहेब भले हुशार असतील, मी माझी पोर वळखणारच. बघू कोण जिंकतं.

फराळाचा डबा एसटीनं पाठवलाय. सगळ्यांना सारखा वाट.
तुझी,
वनमाला आत्या

वडवणी
१८ ऑक्टोबर २०२४

चि. मंजुषास,
आत्याचे मोजूनमापून आशीर्वाद.

यंदा मी तराजू झालेय. एकाच पाटीनं खत, एकाच मापानं पाणी. खुरपायला आलेल्या बाया म्हणल्या, सासू सुनेवर ठेवत न्हाई तितकं लक्ष वनमालाताई कापसावर ठेवती. सप्टेंबरच्या पावसानं शेजारच्या बीटीची खालची बोंडं सडली, आपले चारही पट्टे खाली मान न घालता उभे राहिले.

आन् सांगून ठेवते, तीन नंबरचा पट्टा तुझा. त्याचं उभं राहणं माहेरचं हाय. कौतुक मी फक्त डोळ्यानं करते, खत न्हाई घातलं, बायडाबाईची शपथ.

उत्तर लवकर दे, वाट बघायला लावू नको.
तुझी,
वनमाला आत्या

परभणी
१६ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

सरांनी आज आकड्यांचं बंद पाकीट फोडलं. घट्ट धरून बस. तीन नंबर म्हणजे जुनं गावरान. माहेरचं उभं राहणं तू सवतीत पाहिलंस. माझे एक आणि चार.

वजनात माझा कापूस जुन्याहून जरासाच जास्त. पहिल्या वर्षीसारखा डोलारा नाही, आणि तो नव्हताच, हेही कळलं. पण धागा, आत्या! धागा लांब निघाला आणि मजबूतही. गिरणीच्या यंत्रावर न तुटता सूत निघालं. सरांनी ते बोटाला गुंडाळून ओढून पाहिलं आणि मग मला म्हणाले, वाण पुढे जाईल. मी बाहेर येऊन आधी रडले, मग तुला पत्र लिहायला बसले.

पुढच्या हंगामात मोठी चाचणी आहे. बऱ्याच गावांतून मोठी रानं हवी आहेत.

तीन नंबरवरची माया तू डोळ्यातच ठेवलीस, हातात येऊ दिली नाहीस, म्हणून निकाल खरा निघाला.
तुझी,
मंजू

वडवणी
२ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषास,
उत्तरेश्वर मामाचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नसतो. तुझी आत्या घाटनांदूरला लग्नाला गेलीय, म्हणून बसलो.

गेल्या महिन्यात जिनिंग कारखान्यावर आपला बीटी कापूस घालायला गेलतो. जाताना चार नंबरच्या पट्ट्यातला चिमूटभर कापूस खिशात टाकला व्हता. विचारलं न्हाई, ते माफ कर. तिथल्या मापाड्यानं तो चिमटीत धरून वढला, पुन्हा वढला आन् मला म्हणला, पाटील, हे कुठल्या कंपनीचं बियाणं? मी म्हणलं, गावरान हाय. तो हसला. मी बी हसलो. घरापतोर हसत आलो, पण तुझ्या आत्याला काही बोललो न्हाई. येवढे दिवस तिला गादीउशी म्हणून चिडवलंय, आता कोणत्या तोंडानं सांगू?

तुझ्या मोठ्या चाचणीला विहिरीखालचं सगळं रान ठेवतो. यंदा तिथं बीटी न्हाई. सायबाला म्हणावं येऊन दोऱ्या ताणा, आकडे टाका. खतपाणी मी स्वतः बघतो.

फक्त कुठला आकडा तुझा, ते मलाबी सांगू नको. माझ्याबी हाताचा आता भरवसा न्हाई.

तुझा,
मामा