चांगल्या पायाला हात

१४ नोव्हेंबर

अहो,

आज लेकीचं ऑपरेशन ठरलं. पडल्यापासून डाव्या गुडघ्याजवळ हाडाची वाढ खुंटून पाय वाकडा झालाय. डॉक्टर तो सरळ करतील आणि उजव्याचीही वाढ थांबवतील, म्हणजे दोन्ही सारखे राहतील. "चांगल्या पायाला हात लावू देणार नाही," असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होता.

डॉक्टरांनी लेकीलाच विचारलं, "उंची थोडी कमी राहील. चालेल?"

"आमचे बाबा तरी कुठे ताडमाड होते? पण चालायचे कसे ऐटीत!"

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी सही केली. रागावलात तरी आता ती मागे घेणार नाही.

लेक शेजारी खेळायला गेली आहे. वाळलेले कपडे काढून मी घड्या घालत बसते.

तुमचीच