देवाला घालून उरलेली

बाबा, तुम्हाला जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली आणि मला तुमचा राग अजून येतो. आज तर इतका आला की हातातला चहा तसाच ठेवून मी कागद घेऊन बसले. माझा नातू, म्हणजे तुमचा पणतू, परवा शहापूरजवळ हमरस्त्यावर पोलिसांनी धरला. हल्ली तोंडात नळी देऊन फुंकायला सांगतात, यंत्रावर आकडा उमटतो, मग कोर्टाची तारीख, दंड, आणि लायसन अडकतं ते वेगळंच. घरी येऊन पठ्ठ्या मला म्हणतो, "आजी, बिअर होती गं नुसती, दारू नव्हती." त्याचा बाप, पन्नाशीचा माणूस, त्याला दोन थोबाडीत द्यायच्या सोडून वकिलाचं बघू म्हणतो, खोकल्याचं औषध घेतलं होतं असं सांगू म्हणतो. मी दोघांनाही जेवायला वाढलं नाही. सून म्हणाली, आई, एवढं काय झालं? तिला नाही, तुम्हालाच सांगते, तुम्हाला सगळं ठाऊक असलं तरी.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून तुमच्या सर्व्हिस मोटारीला मागच्या बाजूला कोळशाची उंच टाकी बसवली होती. निघायच्या आधी तासभर ती पेटवायची, हाताने पंखा फिरवून गॅस धरायचा, मग कुठे मोटार कुरकुरत चालू व्हायची. सपाटीवर ठीक, पण चढण आली की तिचा जीव जायचा. तुम्ही शहापूर ते मुरबाड चालवायचात, किन्हवलीवरून. खाकी कोट, गळ्याशी पितळी बटण, आणि नखांत कोळसा. संध्याकाळी मोरीवर राखेने हात घासत बसायचात, आई चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि तुम्ही तिथूनच तिला दिवसभराच्या उतारूंची नक्कल करून दाखवायचात. ती हसून हसून भाकरी करपवायची. माझ्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा तुम्ही जुन्या ट्यूबची पट्टी कापून, टाके घालून इतका पक्का शिवून दिलात की दप्तर फाटलं पण पट्टा तसाच राहिला. हे मी मुद्दाम लिहिते. नुसता वाईट बाप असता तर बरं झालं असतं, मी केव्हाच विसरून गेले असते.

किन्हवली सोडल्यावर नदीपासून वर येणारी ती चढण. पायथ्याला शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड. तिथे प्रत्येक मोटार थांबायची आणि ड्रायव्हर दगडावर मोहाच्या दारूची धार घालायचा, म्हणजे मोटार सुखरूप वर जाते. बाटली ड्रायव्हरने आणायची नसे, उतारू आणायचे. कुणाच्या घरी लग्न, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा तापातून उठला, प्रत्येकाची एक बाटली. दगडावर धार पडायची चार थेंब. उरलेली ड्रायव्हरने प्यायची, कारण देवाला घातलेली ओतून टाकली तर कोप होतो आणि घरी परत नेली तर अपशकुन. ती दारू कुणी दारूत धरत नसे. तुम्ही आईच्या गळ्याला हात लावून शपथ घ्यायचात की तुम्ही आयुष्यात दारूला शिवला नाहीत, आणि बाबा, तुमचा चेहरा तेव्हा खरंच निर्मळ दिसायचा. लोकही सांगायचे, "आपला डायवर लाखात एक, दारूच्या वाटेला जात नाय." बाजाराच्या दिवशी तर तुम्ही या लाखात एक असण्यापायी चार-पाच बाटल्या रिचवायचात.

मुरबाडचा बाजार होता. मी मावशीकडून परत येत होते, शहापुरापासून तुमच्या शेजारी पुढच्या बाकावर. अकरा वर्षांची. मोटार खचाखच भरलेली. वाघोबापाशी थांबलो तर पाच बाटल्या पुढे आल्या. चौथी तुम्ही तोंडाला लावली तेव्हा मागून एक बाई बोलली. ठाकरवाडीतली, सुपं-टोपल्या विकायला बाजारला निघालेली. "दादा, आता पुरं कर रं. बायापोरं हायत मोटारीत." सगळी मोटार हसली. कुणीतरी म्हणालं, "देवाला पुरं कर म्हनतेस व्हय गो?" तुम्ही बाटली तिच्याकडे उंचावून एक वाकडं तोंड करून दाखवलंत, तुमच्या त्या नकलांतलं, आणि ती संपवून पाचवीही एका दमात रिचवलीत. मीही हसले. तुम्ही गमतीचे होतात आणि मी तुमची मुलगी होते, हसले.

चढणीची रीत अशी की उतारूंनी उतरायचं, बायकांनी पोरं घेऊन पायवाटेने पुढे माथ्यावर जायचं, आणि दोन-चार गड्यांनी मोठे दगड घेऊन मोटारीमागे चालायचं. मोटार अडली की चाकामागे दगड. मी लहान म्हणून आतच. त्या दिवशी गडी दगड घेऊन मागे येईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत, मोटार काढलीत. ती बाई पायवाटेने गेली नव्हती, तिच्या टोपल्या मागच्या शिडीला बांधलेल्या होत्या आणि एक सुटत होती, ती धरत धरत मागून चालली होती. निम्म्यावर इंजिन बंद पडलं. मी तुमच्या पायांकडे बघतेय. तुमचा उजवा पाय ब्रेक शोधतोय. तो डावीकडे जातो, पत्र्यावर घसरतो, पुन्हा जातो, आणि तुम्ही समोर बघून हसताय, अजून हसताय. मोटार मागे जाऊ लागली. नुसत्या उतरंडीने, आवाजसुद्धा न करता. मग एक आवाज झाला, टोपली मोडल्याचा, आणि मोटार दरडीला टेकून थांबली.

त्यानंतरचं माझ्या डोक्यात अजून जाळ करतं. ती बाई तिथे पडलेली, आणि सगळे तुमच्याभोवती. फौजदार आला आणि डॉक्टरने तोंडाचा वास घेतला तर तुम्ही कायद्यात अडकाल, एवढीच सगळ्यांना काळजी. नवा मोटार कायदा आला होता, पिऊन चालवली तर कैद, दंड, लायसन जप्त, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे देवाची ती दारू नव्हे हे म्हणायला, पण फौजदाराच्या नाकाला ती दारूच आहे हेही पक्कं ठाऊक! दोघांनी तुम्हाला उचलून किन्हवलीला एका घराच्या माळ्यावर भाताच्या कणगीमागे लपवलं. कच्चा कांदा खायला घातला, ताक पाजलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड धुऊन, केस विंचरून पोलिसांत हजर झालात. डॉक्टरला काय सापडणार? बाईला मात्र तासभर कुणी उचललं नाही. ती गेल्यावर तिच्यावर गोणपाट टाकलं.

घरी आल्यावर तुम्ही काय बोललात आठवतं का? ब्रेक धड नव्हता. मालक कोळशावर मोटार चालवायला लावतो. नाचता येईना अंगण वाकडं! त्या बाईबद्दल एवढंच, की ती पायवाटेने का गेली नाही. आई चुलीपुढे बसून होती, तव्यावर काही नव्हतं. मग तुम्ही मला जवळ बोलावलंत. पुढच्या बाकावर मीच होते हे फौजदाराने टिपून घेतलं होतं. "साहेब इचारतील. सांगायचं, आमचा बाबा दारू पीत नाय. येवढंच. दुसरं काय बोलायचं नाय. माझं लायसन गेलं तर आपन खानार काय, समजलं ना गो?" मी मान हलवली.

मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे खटला उभा राहिला. साक्षीदार एकामागून एक येत होते आणि सगळ्यांचं एकच, डायवर दारू पीत नाय. अंगठा उठवत होते, शपथ घेत होते, एकाचाही आवाज कापत नव्हता. त्या बाईचा नवरा दाराशी उकिडवा बसला होता, मांडीत पोर. त्याला विचारलं तेव्हा तो उठून हात जोडून म्हणाला, "मी तितं नव्हतो सायेब. मला येवढंच कळाया पायजे, तिला कोनी हाक दिली का? बाजूला हो म्हनून?" सगळे साक्षीदार जमिनीकडे बघू लागले. तुम्ही तर छताकडे बघत होतात.

मग माझं नाव पुकारलं. साहेबांनी विचारलं, "बाळ, खरं बोलणं म्हणजे काय, ठाऊक आहे का?" मी हो म्हटलं. "तुझे वडील त्या दिवशी दारू प्यायले होते का?" मी म्हटलं, "नाय सायेब, आमचा बाबा दारू पीत नाय." तुम्ही श्वास सोडलात, मला ऐकू आला. आणि मी पुढे म्हटलं, "देवाला घालून उरलेली तेवढी पितो. ती प्यावीच लागते. त्या दिवशी पाच बाटल्या होत्या." साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "कसली उरलेली?" "मोहाची," मी म्हटलं. "आनि ती बाई पुरे कर म्हनली, तरी पाचवी पन प्यायला, कारन वाघोबाचा कोप होतो." मग त्यांनी ब्रेकबद्दल विचारलं, आणि तुमचा पाय कसा फिरत होता ते मी माझ्या पायाने करून दाखवलं.

आठ महिने सक्तमजुरी आणि लायसन रद्द. मागच्या साक्षीदारांना साहेबांनी पुन्हा बोलावलं तर ते काकुळतीला येऊन म्हणाले, होय, देवाची प्यायला होता सायेब, पन ती दारू नाय. त्यांना वाटत होतं, यानेच तुम्ही सुटाल. सगळ्या मुरबाडात माझ्याबद्दल एकच बोललं गेलं, पोर अजाण, तिला काय कळतंय.

तुम्ही ठाण्याच्या तुरुंगातून सुटून आलात ते भाताच्या गिरणीत कामाला लागलात. दारू खरोखरच सोडलीत, देवाचीसुद्धा. आणि माझ्याशी बोलणंही सोडलंत. "तिला सांग पाणी दे." "तिला सांग कंदील लाव." मी समोर असताना, आईच्या तोंडून. सहा वर्षं, बाबा, मरेपर्यंत! स्थळं यायची, तुम्ही ओसरीवर त्यांना स्वतःहून सांगायचात, "हिच्या जिभेनं माझ्या पोटावर पाय दिला." पाहुणे पाणी पिऊन उठायचे. शेवटी वाशिंदच्या एका बिजवराशी माझं लग्न झालं, तेही आईच्या भावाने जमवलं. एक बाई मेली ती तुमच्या हातून, आणि त्याचं खापर तुम्ही फोडलंत अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. तुम्हाला एकदाही लाज वाटली नाही? एकदाही त्या ठाकरवाडीला जाऊन दाराशी बसावंसं वाटलं नाही? तुम्ही गिरणीतून येताजाता त्या वाटेने जायचात, मला माहीत आहे.

आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही. नातवाला सांगावं असं सकाळी वाटलं होतं, आता वाटत नाही. त्याला सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागेल.

मी अजाण नव्हते, बाबा. देवाची म्हणजे दारूच, हे मला चांगलं कळत होतं. तुमच्या तोंडाचा वास रोज मलाच यायचा, मीच तुमच्या शेजारी बसायचे. साक्षीच्या आदल्या दिवशी परड्यात जाऊन ते उत्तर मी चार वेळा म्हणून पाहिलं होतं, भोळ्या आवाजात, वाघोबासकट, म्हणजे साहेबांना सगळं कळेल आणि तुम्हाला मला मारता येणार नाही. "आमचा बाबा पिऊन मोटार चालवत होता" एवढंच सरळ म्हणायचं होतं. तेवढं मला जमलं नाही. मला तुमची भीती वाटत होती.