हिरव्या चौकडीचा पडदा

६ नोव्हेंबर

— मार्चमधल्या त्या सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं, स्वयंपाकघरातला हिरव्या चौकडीचा पडदा काढला. पार विरला होता. टराटरा फाडून चिंध्या केल्या आणि गठ्ठा भावजींच्या हातात दिला, गॅरेजात हात पुसायला. हे दारात बाही पुढे करून उभे. यांच्या डाव्या अंगठ्याचं टोक कारखान्यात प्रेसखाली गेलेलं, नखासकट. उजव्या बाहीचं बटण लग्नापासून मीच लावायचे. लावता लावता म्हटलं, "शनिवारी मला ताईकडे जायचंय म्हणजे जायचंय! जीप तयार हवी." "हवी तर हवी," म्हणाले. दोघे भाऊ जीप घेऊन भावजींच्या गॅरेजवर गेले.

शुक्रवारी हे एकटेच ती उतारावर चालवून बघायला गेले. चासी, जीपचा खालचा लोखंडी सांगाडा, तुटली. जीप कलंडली ती यांच्या अंगावर.

आठ महिने झाले. भावजी पोलिसांना म्हणाले, "दादा जोरात चालवायचा." हे! रिकाम्या रस्त्यातसुद्धा हात दाखवून वळणारा माणूस!

मोडकी जीप मी परसात आणवली. आजपासून तिचा गंज काढते आहे. ही जीप उभी करीन आणि त्याच उतारावरून खाली आणीन. मग बोला म्हणावं, कोण जोरात चालवायचं.

७ नोव्हेंबर

यांचं दुरुस्तीचं पुस्तक तीनदा वाचून झालं. त्यात आहे — हातोडीने ठोका आणि ऐका. धड लोखंड टण्ण बोलतं, सडलेलं थप्प. मी ठोकते. थप्प आलं की थांबत नाही, भोक पडेपर्यंत हाणते. गंजाचे पापुद्रे डोळ्यांत उडतात, तोंडात रक्तासारखी चव येते. बरं वाटतं! इतकं बरं आठ महिन्यांत वाटलं नव्हतं.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लोकांच्या बायका लोकर विणतात, आमची ही लोखंड उसवते!" हसू आलं. मग पुन्हा हाणलं.

९ नोव्हेंबर

दंड वर होत नाही. डाव्या हाताने केस विंचरले.

११ नोव्हेंबर

आज तुटलेल्या जागेवर आले. तिथे डांबरी रंगाचा बोटभर थर. अपघातानंतर भावजींनीच फासला होता — "गंज वाढू नये म्हणून, वहिनी." पुस्तकात तर लिहिलंय, गंज न खरवडता रंग लावला तर तो आतून दुप्पट खातो. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला हे ठाऊक नाही?

ग्राइंडर लावला. डांबर जळलं, परसभर घाण धूर. खाली लोखंड नाही — पुट्टी! पुट्टी फोडली. आत चिंधी.

हिरवी चौकडी.

माझा पडदा. गंजून पडलेल्या भोकात बोळा कोंबून वरून पुट्टी. वेल्डिंग नाहीच. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि या असल्या चासीवर यांना उतारावर पाठवलं.

गठ्ठा मी कोणाच्या हातात दिला होता?

१२ नोव्हेंबर

मीच निरोप धाडला, या म्हणून. भावजी गॅस कटर घेऊनच आले. "तुकडे करून भंगारात देऊन टाकू, वहिनी. किती दिवस छातीशी धरणार?"

मी चिंधी पुढे केली.

चेहरा उतरला. पुढे होऊन ओढायलाच लागले. मी सोडीना. ढकललं मला. दाराच्या कडेवर तोंड आपटलं, ओठ फाटला. "द्या ती इकडे! मला काही विचारू नका!"

"तू मारलंस त्यांना!" मी ओरडले. तू म्हटलं, जन्मात पहिल्यांदा.

त्यांचा उजवा हात चासीवर टेकलेला. माझ्या हातात हातोडी.

टण्ण नाही वाजलं. थप्पही नाही. ओलं लाकूड मोडावं तसं काहीतरी.

ते खाली बसले. हात पोटाशी धरून म्हणाले, "झालं ना समाधान? आता तरी जाळा ती चिंधी."

पुन्हा हातोडी उचलली होती मी. डोक्यावर. लपवून काय उपयोग, इथे तरी खरं लिहिते. त्यांनी वर पाहिलं आणि हललेसुद्धा नाहीत. म्हणून खाली ठेवली.

१३ नोव्हेंबर

दोन बोटं आणि मनगट मोडलं. दवाखान्यात सांगितलं म्हणे, "जॅक निसटला."

खोटं का बोलले?

१५ नोव्हेंबर

बाकीची पुट्टी काढायला बसले. चासीच्या आतल्या अंगाला डांबर पोहोचलं नव्हतं. तिथे एक मोठी खपली अख्खी सुटून आली. उन्हात धरली. ओली असताना कोणीतरी अंगठ्याने दाबत दाबत नेलेली. एकामागे एक सात ठसे.

आखूड, बोथट. टोक नाही. नखाची रेघ नाही.

यांचा अंगठा.

भावजींनी वेल्डिंगसाठी सोमवारपर्यंत थांब म्हटलं असणार. हे थांबले नसणार. शनिवारी जीप हवी होती ना. कोणाला हवी होती? मलाच! भावजींनी तुटलेली जागा पाहिली, सगळं ओळखलं आणि मला कळू नये म्हणून डांबर फासलं. जोरात चालवायचा म्हणाले. मी त्यांच्याशी आठ महिने बोलले नाही, ते ऐकून घेतलं. त्या दिवशी हात मोडून घेतला, तरी तोंड उघडलं नाही.

रात्रभर जीप मला धड दिसतच नव्हती. फक्त बाही पुढे करून कोणीतरी उभं.

१७ नोव्हेंबर

काल सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं आणि भावजींकडे गेले. एकटे राहतात, गॅरेजमागच्या खोलीत. उजवा हात प्लास्टरमध्ये. शर्ट कसाबसा अंगात घातलेला, डावी बाही उघडी लोंबत होती. खपली टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिली, मान खाली घातली. मी जवळ गेले आणि त्यांच्या बाहीचं बटण लावलं.