चारुताच्या वहाणा

१२ नोव्हेंबर
आले एकदाची! आरोंद्याहून रोज एसटीचे धक्के खात कॉलेज गाठणं संपलं. रोझालिना आंटीच्या होमस्टेमागची खोली मिळाली आहे. खिडकीतून माड दिसतात, माडांपलीकडे समुद्र. रविवारी पाहुण्यांच्या खोल्या झाडायच्या, म्हणजे भाडं निम्मं. आल्या आल्या आंटीने गरम पेज आणि भाजलेला बांगडा पुढे ठेवला. खोलीत माझ्याच वर्गातली चारुता आहे. तिचे आईवडील दोघंही ओरोसला नोकरीला. तिने न सांगता अर्धं कपाट रिकामं करून दिलं. फीचा दुसरा हप्ता तेवढा राहिलाय. बाबा म्हणाले, मासळी लागली तर भरू. नाही लागली तर परत घरी. पण तो विचार आज नको.

२० नोव्हेंबर
ओरोसच्या एका संस्थेची मदत जाहीर झाली. पदवी होईपर्यंतची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च, एकाच मुलीला. नाव चारुताचं. दुसरी अवनी, म्हणजे मी. तिला गरज ती काय? पण गुण जास्त! मी तिचं तोंडभरून अभिनंदन केलं, पेढाही खाल्ला. संध्याकाळी बाईसाहेब नव्या चामड्याच्या वहाणा घेऊन आल्या, लाल गोंड्याच्या. माझ्या स्लिपरला सेफ्टी पिन लावलेली. नुसता जळफळाट झाला. माझ्याच वहीत लिहायला लाज कसली?

२६ नोव्हेंबर
इथे गावच्या शिवेवर काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. लोक त्याला कोऱ्या वहाणा वाहतात. तो काठी आपटत गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात म्हणे. आंटी ख्रिश्चन, पण तीही दरवर्षी तिथे मेणबत्ती लावते. वापरलेली वहाण कधी ठेवायची नाही, असं तिने आज बजावलं. म्हणाली, "जेच्या पायातली वहाण, तेकाच तो आपल्याबदली फिरयता गो."
वहाण घालणाऱ्यालाच तो आपल्याऐवजी फिरायला लावतो! माझ्या डोक्यातून ते जाईना.

२७ नोव्हेंबर
केलं. चारुता बूट घालून कॉलेजला गेली होती. राखणदाराने चार दिवस फिरवलं की घाबरून कॉलेज सोडून ओरोसला पळेल, मग नंबर माझाच. वहाणा पिशवीत घालून न्यायच्या होत्या, पण एकदा तरी पायात घालून बघाव्याशा वाटल्या. शिवेपर्यंत त्या घालूनच गेले. काय मऊ! पाषाणापुढे काढून ठेवल्या आणि अनवाणी परतले. चारुताने थोडं शोधलं, मग कुत्र्याने नेल्या असतील म्हणून हसली. तिला साधा रागही येत नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

२९ नोव्हेंबर
सकाळी माझ्या तळपायांना लाल माती. दाराला आतून कडी होती. चारुता गाढ झोपलेली, पाय स्वच्छ.

२ डिसेंबर
तळव्यांना फोड आलेत. आंटीने पाय पाहिले आणि एवढंच विचारलं, त्या वहाणा शेवटी कोणाच्या पायात होत्या. मी पाय पांघरुणात ओढून घेतले. तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, आपल्याबदली फिरणाऱ्याला तो शीव ओलांडू देत नाही.
फिरायचं चारुताने होतं. चारुताने!

५ डिसेंबर
आता दिवसाही. वर्गात बसले होते, भानावर आले तर शिवेवर उभी. मागे काठीचा आवाज. थांबलं की जवळ येतो. म्हणून चालत राहायचं —

७ डिसेंबर
चारुताने संस्थेला कळवलं, मदत अवनीला द्या. मला म्हणाली, "माका खंय गरज आसा? तूच घे गो." उद्या पाचच्या आत ओरोसला जाऊन मी स्वतः सही करायची. नाही केली तर मदत तिच्याच नावावर राहील.
खूप रडले. आनंद झाला, आणि तिचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. जुना ड्रेस द्यावा तशी देऊन टाकते!

८ डिसेंबर
एसटीत बसले. शीव आली. एसटी पुढे गेली, मी अलीकडे रस्त्यावर उभी. कधी उतरले?
मग रिक्षा. तेच. रिक्षावाला पलीकडून हाका मारतोय, आणि माझे पाय परत गावाकडे —

संध्याकाळ
पाच वाजून गेले. बळंच बसलेय, पाय खाटेला ओढणीने बांधून. काठी अंगणात.
संस्थेचा चारुताला फोन आला. मी पोचले नाही, मदत तिलाच.
काठी पायरीवर. चारुताला ऐकूच येत नाही.
ओढणी सुटतेय —
ती समोर पाय पोटाशी घेऊन बसलीय. माझ्यासाठी रडतेय. किती मऊ पाय तिचे. तिला बसून रडता येतं. मला —