आवाजाशी संबंध: इतर

चि. धाकट्यास, ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? वहिनींची कंबर कशी आहे? आमचं देवाच्या कृपेने बरं चाललंय. (कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, पाठ कोरी होती, तारखा बघत बसू नकोस.)

आईने स्वतः रचलेली, ओट्याशी उभी राहून म्हणायची ती प्रार्थना तू तिच्याच आवाजात फोनवर उतरवलीस आणि ती गेल्यावर गाण्यांच्या कंपनीला दिलीस, जगभर पोचेल म्हणून. पोचली बाबा. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी आमच्या भजनी मंडळाने ती म्हटली, शेजारच्या शिक्षिकाबाईंनी व्हिडिओ काढून सगळ्यांना दिसेल असा टाकला, आणि तासाभरात आवाज बंद. खाली सूचना: ही चाल कंपनीच्या मालकीची आहे. अकरा बायका नुसत्या तोंडं उघडतायत, मिटतायत. "मंडळ आज पहिल्यांदा सुसह्य झालं," हे म्हणाले. (मी दोन दिवस अबोला धरला. तोही त्यांना सुसह्य झाला.)

मी तक्रार केली. फॉर्मवर प्रश्न: या आवाजाशी तुमचा संबंध काय? गायक, निर्माता, वितरक, इतर. 'मुलगी' नव्हतं. मी 'इतर' दाबलं. मिनिटभरात नकार आला, खाली कुणाची सहीसुद्धा नाही.

आई दारात आलेल्या बाईला ही चाल शिकवल्याशिवाय सोडत नसे. ज्याच्या तोंडी बसली त्याची, एवढाच तिचा हिशेब. आता देवापुढे दुसऱ्याची वस्तू कशी ठेवायची, म्हणून मी नुसते ओठ हलवते. सुरुवात माझ्यावर असते रे. दहाजणी माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. तू कंपनीचा कागद न वाचता सही करून दिलास, याचं मला फार वाईट वाटलं.

तुझी,
ताई

ता. क. तो कागद फाइलमध्ये सापडला. तुझ्या सहीच्या वर माझी सही आहे. (चष्मा दुरुस्तीला होता, आणि 'विनामूल्य' हा शब्द तेवढा मोठ्या अक्षरात होता.)

ता. क. दुसरा. कंपनीची प्रत ऐकली. बासरी घातली आहे, आणि दुसऱ्या कडव्यानंतरचं आईचं "अगं, दूध बघ! लक्ष कुठाय तुझं?" कापून टाकलंय. तुझ्या जुन्या फोनमध्ये ते असेल. तेवढंच पाठव. मी कागद दोनदा वाचला, त्यात ते कुठेही नाही.